वाचकांचे प्रश्न : परसातील केळी आणि त्यांचे निसवणे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे केळीविषयी आहेत. ती बहुतेक परसात किंवा कुळागराच्या कडेला चार-पाच जाती हौसेने लावणाऱ्या वाचकांची असल्यामुळे उत्पन्नाच्या हिशेबापेक्षा झाड कसे वाढते, कधी निसवते म्हणजे केळफूल बाहेर टाकते, आणि केळफूल उमलताना काय पाहावे याच गोष्टींवर त्यांचा भर आहे. म्हणून या वेळचे पान केळीलाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या घरामागे मागच्या वर्षी मिरगाला साळदाटी, रसबाळी, वेलची आणि तांबडी अशा चार जातींचे मुनवे (बुडाशी फुटणारी पिले) एकाच दिवशी लावले. आता चौदा महिने होत आले. वेलचीला घड धरला आहे, साळदाटी नुकतीच निसवली आहे. पण आंब्याच्या बाजूची रसबाळी आणि मोकळ्यावरची तांबडी नुसती पानेच काढत आहेत. शेजारी सांगतात की, पाणी तोडून ताण दिला म्हणजे केळ लवकर निसवते. हे खरे आहे का? चवथीला आणि घरच्या कार्यांना आम्ही याच केळींची पाने कापतो.
— एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : आपल्या दोन केळींच्या बाबतीत उत्तर वेगवेगळे आहे. तांबडी केळ मुळातच सावकाश चालणारी आहे. लागवडीपासून घड तयार होईपर्यंत तिला दीड वर्ष लागणे स्वाभाविक आहे, तेव्हा तिची काळजी करू नये. रसबाळीने मात्र एव्हाना निसवायला हवे होते. ती आंब्याच्या बाजूला आहे असे आपण लिहिले आहे आणि माझ्या मते कारण तिथेच आहे. अर्ध्या सावलीत केळ मरत नाही, हिरवीगार दिसते, पण पाने काढण्याचा तिचा वेग मंदावतो, आणि केळीचे निसवणे या वेगावरच अवलंबून असते.

हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ यातच आहे. आपण ज्याला केळीचे खोड म्हणतो तो एकात एक घट्ट बसलेल्या पानांच्या देठांचा खांब असतो. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. फुलाचा कोंब याच कंदाच्या शेंड्यावर तयार होतो आणि त्या खांबाच्या आतून वर चढत पानांच्या मधून बाहेर येतो. जातीप्रमाणे थोडेफार कमीजास्त होते, पण साधारणपणे तीस ते चाळीस पाने निघाल्यावर केळ निसवते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, कंदावर फुलाचा कोंब धरतो त्या वेळी दहा-बारा पाने अजून खांबाच्या आतच असतात. उबदार दिवसांत एक पान उलगडायला सात ते दहा दिवस लागतात, असा हिशेब केला तर केळफूल आपल्या दृष्टीस पडण्याच्या सुमारे तीन महिने आधीच घडाला किती फण्या येणार हे ठरून गेलेले असते. निसवल्यानंतर घातलेल्या खताने केळी भरतात, जाड होतात, पण फण्या एकानेही वाढत नाहीत. आपल्याकडे बहुतेक जण केळफूल दिसले की शेणखताची पाटी घेऊन धावतात. ही माया चांगली, परंतु तिची खरी गरज त्याच्या कितीतरी आधी, लागवडीनंतरच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत असते.

आता ताणाविषयी. आपल्या शेजाऱ्यांच्या म्हणण्याला जुना आधार आहे. युरोपात थंडीमुळे केळी काचघरात ठेवाव्या लागत आणि तिथे त्या वर्षानुवर्षे फुलत नसत. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस याने 1736 साली नेदरलँड्समधील हार्टेकाम्प येथील बागेत केळीला सकस मातीत लावून काही आठवडे कोरडी ठेवली, मग भरपूर पाणी दिले आणि ती फुलवून दाखवली. त्याने उष्ण प्रदेशातला उन्हाळा आणि त्यानंतरचा पाऊस यांची नक्कल केली होती. आपल्या गोव्यात ती नक्कल करण्याची काहीच गरज नाही. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत निसर्ग आपोआपच केळीला हवा त्याहून अधिक ताण देतो. या चार महिन्यांत पाणी तोडले तर पाने निघण्याचा वेग आणखी घटतो आणि नेमका तेव्हाच कोंब धरत असेल तर फण्या कमी येतात. तेव्हा पाणी तोडू नये. उलट उन्हाळ्यात आळ्यावर सुक्या पानांचे जाड आच्छादन घालून ओल टिकवावी.

पानांबाबतही स्पष्ट लिहितो. चवथीला केळीच्या पानावर जेवणे ही आपली रीत आहे आणि ती सोडा असे मी म्हणणार नाही. पण जी केळ निसवायची आहे तिच्यावर निदान आठ-दहा धडधाकट पाने राहिली पाहिजेत, कारण निसवल्यानंतर तिला नवे पान येत नाही आणि पुढचा सारा घड त्याच पानांच्या बळावर भरायचा असतो. पानांसाठी एक वेगळी केळ राखून ठेवावी. साळदाटीच्या बेटातला एखादा जादा मुनवा त्यासाठी वाढू दिला तरी पुरे. रसबाळीवर येणारी आंब्याची एखादी फांदी कापता आली तर कापावी, बुडाशी दोनहून अधिक मुनवे असतील तर तेही काढून टाकावेत. नवीन उलगडणाऱ्या प्रत्येक पानाच्या देठावर रंगाचा ठिपका देत गेल्यास वेग आपल्यालाच कळेल. केळ निसवण्याच्या बेतात आली की पाने जवळजवळ येऊ लागतात, खांबाचा गळा फुगतो आणि शेवटी एक आखूड, रुंद पान उभे राहते. ते पान दिसले की रोज सकाळ-संध्याकाळ बाहेर जाऊन पाहावे. कोंब सुरुवातीला आभाळाकडे टोक करून येतो, तीन-चार दिवसांत मान खाली घालतो आणि मग एकेक जांभळे आवरण उचलून खालची फणी उघडी करतो.

प्रश्न : आमच्या कुळागरात सुपारीच्या मधून सहा-सात जातींच्या केळी आहेत. मुनवे नातेवाइकांकडून आणि बाजारातून आले, त्यामुळे अर्ध्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. केवळ फळ पाहून न ओळखता झाड आणि केळफूल पाहून जात ओळखता येते का? त्यांत मुयड्याची एक असल्याचे सांगतात.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नेमके नाव सांगता येईलच असे नाही, परंतु कूळ मात्र सांगता येते, आणि ते शोधण्यात मोठा आनंद आहे. आपण खातो त्या जवळजवळ सर्व केळींचे पूर्वज दोन रानटी जाती आहेत : मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना. पहिलीला ‘अ’ आणि दुसरीला ‘ब’ म्हणू. बसराई आणि बाजारात सर्वत्र मिळणारी ग्रँड नैन या जातींत तिन्ही हिस्से, म्हणजे गुणसूत्रांचे संच, ‘अ’चे आहेत. वेलचीत एक हिस्सा ‘अ’चा आणि एक ‘ब’चा. रसबाळीत दोन ‘अ’ आणि एक ‘ब’. भाजीसाठी वापरल्या जाणाऱ्या जाड सालीच्या कित्येक केळींत मात्र ‘ब’चे दोन हिस्से असतात. सिमंड्स आणि शेफर्ड या दोन शास्त्रज्ञांनी 1955 साली पंधरा बाह्य लक्षणे ठरवून दिली. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे आणि बेरजेवरून केळ कोणत्या पूर्वजाकडे झुकते ते पाहायचे. आज प्रयोगशाळेत याहून अचूक तपासण्या होतात, पण ही पद्धत कुळागरात उभे राहून डोळ्यांनी करता येते, म्हणून ती मला फार प्रिय आहे.

त्यांतली सोपी लक्षणे सांगतो. प्रथम खांब पाहावा. त्यावर तपकिरी-काळे डाग दाट असतील तर ‘अ’चे वर्चस्व, खांब जवळजवळ स्वच्छ हिरवा असेल तर ‘ब’चे. मग पानाच्या देठाची पन्हळ पाहावी : ‘अ’मध्ये तिच्या कडा उघड्या, बाहेर पसरलेल्या असतात, ‘ब’मध्ये त्या आत वळून पन्हळ जवळजवळ मिटलेली असते. खरी गंमत केळफुलात आहे. ‘अ’कडे झुकणाऱ्या केळीचे आवरण उचलले गेले की मागे गुंडाळले जाते, टोकाला निमुळते असते आणि आतला रंग बुडाकडे फिका होत पिवळसर होतो. ‘ब’कडे झुकणाऱ्या केळीचे आवरण उचलले जाते पण गुंडाळले जात नाही, टोक बोथट असते आणि आतला गडद किरमिजी रंग बुडापर्यंत एकसारखा राहतो. आवरणाखालची नरफुले ‘अ’मध्ये दुधाळ पांढरी असतात, तर ‘ब’मध्ये त्यांवर कमीअधिक गुलाबी छटा येते. रसबाळी आणि वेलचीसारख्या मिश्र केळींत ही लक्षणे मधलीच दिसतात, म्हणून एका लक्षणावरून निकाल देऊ नये. बसराईची आणखी एक खूण अशी की, घडाखालच्या दांड्यावर तिची वाळलेली नरफुले आणि आवरणे गळून न पडता तशीच चिकटून राहतात. इतर कितीतरी जातींचा दांडा मात्र उघडा पडतो.

आपल्याकडे सहा-सात जाती आहेत, तेव्हा एका वहीत प्रत्येकीसाठी एक पान ठेवावे आणि निसवल्याचा दिवस, आवरणाचा आतला रंग, फण्यांची संख्या, घड उतरवल्याचा दिवस एवढे लिहावे. निसवल्यापासून घड तयार होण्यास साधारण तीन ते चार महिने लागतात. हे अंतरही जातीची ओळख पटवण्यास उपयोगी पडते.

मुयड्याची केळ, म्हणजे बार्देशातील मोयरा गावाच्या नावाने ओळखली जाणारी मिंडोळी, ओळखणे त्यामानाने सोपे आहे, कारण तिचे लांबट, मोठे, जाड सालीचे फळ सहसा दुसऱ्या कशात मिसळत नाही. ती कच्ची भाजीला चालते आणि पिकल्यावर शिजवून किंवा हलवा करून खाल्ली जाते. तिला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडची केळ खरोखर मिंडोळी आहे अशी खात्री करायची असेल तर ओल्ड गोवा येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत घडाचे, केळफुलाचे आणि देठाचे फोटो घेऊन जावे. आणि ती तशी निघाली तर तिचे मुनवे शेजारीपाजारी अवश्य द्यावेत. साळदाटी, रसबाळी, सावरबोंडी, मिंडोळी या जाती मोठ्या बागांतून नव्हे, अशाच परसांतून आणि कुळागरांतून टिकून राहिल्या आहेत. बियांच्या पाकिटातून त्या मिळत नाहीत. एका घरचे बेट गेले की ती जात कधी कधी त्या वाड्यातूनच जाते.

मुनवा देताना किंवा घेताना अरुंद, तलवारीसारख्या पानांचा निवडावा. लहानपणीच रुंद पाने काढणारा मुनवा दिसायला गोंडस असतो, पण त्याचा कंद मातृकंदाशी नीट जोडलेला नसतो, त्यामुळे तो दुबळा राहतो आणि उशिरा निसवतो.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीला दुपारपर्यंत ऊन असते. कुंडीत केळ लावून फूल पाहता येईल का?
— मडगाव

उत्तर : येईल, पण जात विचारपूर्वक निवडावी लागेल. खाण्याच्या जातींपैकी बसराईच काय ती कुंडीत समाधानाने राहते. तिला निदान दोन फूट रुंद आणि तितकेच खोल पिंप लागते आणि ओल्या मातीचे ते वजन गॅलरीला पेलेल का, हे आधी पाहावे लागते. फूल पाहणे एवढाच हेतू असेल तर शोभेच्या केळी लावाव्यात. मुसा वेलुटिना आणि मुसा ऑर्नाटा या जाती आपल्या ईशान्य भारतातल्याच आहेत. त्या दीड-दोन मीटरच्या आत राहतात, दीड फुटाच्या कुंडीत वाढतात आणि निगा चांगली असेल तर वर्षभरात फुलतात. त्यांचे केळफूल खाली लोंबत नाही, उभे राहते. वेलुटिनाची लहानशी, लवदार गुलाबी केळी पिकली की साल स्वतःहूनच उलगडते. आत बियाच बिया असतात, म्हणून ती खाण्यासाठी नाहीत.

प्रश्न : केळफूल लोंबू लागल्यापासून रोज संध्याकाळी वटवाघळे येऊन त्याला लटकतात. घड खराब होईल म्हणून घरातले वडीलधारे केळफूल कापायला सांगतात. मला ते तसेच राहावे असे वाटते. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, काणकोण

उत्तर : वडीलधाऱ्यांचे सांगणे चुकीचे नाही आणि आपली इच्छाही रास्त आहे. केळफुलात वरच्या पहिल्या काही आवरणांखाली मादीफुले असतात आणि त्यांचीच केळी होतात. शेवटची फणी उघडल्यानंतर जी आवरणे उमलत राहतात त्यांखाली फक्त नरफुले असतात. आपल्या खाण्याच्या केळींना परागीभवनाची गरज नाही. फळ बीजाविनाच वाढते. म्हणून शेवटच्या फणीतील केळी वर वळू लागली की तिच्याखाली चार-सहा इंच दांडा ठेवून केळफूल कापावे, त्यामुळे झाडाची शक्ती घडाकडे जाते आणि घरात भाजीही होते. कापण्यास उशीर केला तर भाजी चरबट होते.

मात्र आपल्या बागेत दोन-तीन केळी निसवल्या असतील तर एखादीचे केळफूल मुद्दाम ठेवावे. त्याने घडाचे जे नुकसान होते ते घरगुती बागेत जाणवत नाही. नरफुलांवरची आवरणे बहुधा संध्याकाळनंतर उचलली जातात आणि त्या वेळी फुलांत मध भरलेला असतो. वटवाघळे येतात ती या मधासाठी. त्यांच्या नख्यांचे ओरखडे आवरणांवर दिसतील, पण कोवळ्या घडाला त्यांची बाधा होत नाही. घड पिकू लागला तर मात्र तीच वटवाघळे फळावर येतात; म्हणून केळींच्या कडा बोथट होऊन ती गोलसर झाली की घड हिरवा असतानाच उतरवून घरात पिकवावा, आणि वटवाघळाने किंवा पाखराने टोचलेले फळ खाऊ नये. सकाळी लवकर पाहिलेत तर उरलेल्या मधावर मधमाश्या आणि सूर्यपक्षी दिसतील. काणकोणात जंगल जवळ आहे. लांब, बाकदार चोचीचा कोळीखाऊ हा पक्षीही केळफुलावर येतो. तो चपळ असल्यामुळे थोडे अंतर ठेवून, न हलता उभे राहावे लागते.

प्रश्न : रसबाळी लावली की सात-आठ महिन्यांत खालची पाने पिवळी पडून मोडतात, खांब बुडाशी उभा चिरतो आणि केळ बसते. त्याच जागी पुन्हा लावली तरी तेच. जवळची वेलची मात्र ठणठणीत आहे.
— वाळपई

उत्तर : खांब आडवा कापून पाहावा. आत तांबूस-तपकिरी रेषा किंवा ठिपके दिसले तर तो पनामा मर रोग समजावा. हा बुरशीचा रोग आहे, ती बुरशी मातीत अनेक वर्षे जिवंत राहते आणि रसबाळी तिला लवकर बळी पडते. फवारणीने तो बरा होत नाही. रोगट केळ कंदासकट काढून जाळावी, तिचे मुनवे कोणालाही देऊ नयेत, कोयता आणि फावडे धुऊन वाळवावे, आणि रसबाळी त्या जागेपासून दूर, पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर, निरोगी बागेतल्या मुनव्यापासून किंवा ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपापासून लावावी. आपली जमीन जांभ्याची आणि आम्लधर्मी असेल. चुलीतली राख आळ्यात घातल्यास ते आम्ल थोडे कमी होते आणि केळीला भरपूर लागणारे पालाशही मिळते.

प्रश्न : घाटात पावसाळ्यात कातळावर रानकेळी दिसतात. त्यांचा मुनवा आणून घरी लावता येईल का? त्या कधी फुलतात?
— एक वाचक, साखळी

उत्तर : या रानकेळीला मुनवेच येत नाहीत. कोकणात कवदर किंवा चवेणी म्हणतात ती हीच. शास्त्रीय नाव एन्सेटे सुपर्बम, आणि ती आपल्या सह्याद्रीत सहजपणे वाढते. उन्हाळ्यात तिची पाने जाऊन कंद कातळाच्या फटीत निजून राहतो, पावसाबरोबर पुन्हा पाने येतात. अशी काही वर्षे गेल्यावर ती आयुष्यात एकदाच फुलते. मोठ्या, तपकिरी-तांबड्या आवरणांचे ते भव्य केळफूल आणि बियांनी गच्च भरलेली केळी आली की झाड मरते. म्हणून फुललेली रानकेळ तोडणे म्हणजे तिचा वंशच तोडणे होय, आणि अभयारण्याच्या हद्दीतून रोप किंवा कंद आणणे कायद्यानेही मना आहे. एखाद्या रोपवाटिकेतून किंवा परिचिताच्या बागेतून बी मिळाले तर लावावे. बियांचे कवच फार टणक असते; त्या दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाण्याचा निचरा होणाऱ्या रेताड मातीत पेराव्यात आणि कुंडी उबदार जागी ठेवावी. एकाच दिवशी पेरलेल्या बिया एकाच वेळी उगवत नाहीत, काही महिन्यांनीही रुजतात, तेव्हा कुंडी लवकर रिकामी करू नये. रोप जमिनीत लावताना सपाट, ओलसर जागा टाळावी आणि दगडांचा उतार निवडावा. पावसाळा संपला की त्याचे पाणी हळूहळू बंद करावे. पाने वाळल्यावर कंद मेला असे समजून उपटू नये.